झाशीचं पेट्रोल

ग्वाल्हेरचा माणूस झाशीला जाऊन आला की त्याला पहिला प्रश्न टाकीचा. लग्न कसं झालं, जेवायला काय होतं, हे नंतर. "टाकी फुल करवून आणली ना?" हे आधी. झाशी उत्तर प्रदेशात, आम्ही मध्य प्रदेशात. राज्याचा कर वेगळा, म्हणून तिकडे पेट्रोल आमच्यापेक्षा स्वस्त. आग्र्याचंही तेच. त्यामुळे हद्द ओलांडली की पहिल्या पंपावर आमच्या नंबरप्लेटच्या गाड्यांची रांग लागलेली असते. निघताना टाकीत जेमतेम पोचण्यापुरतंच ठेवायचं, हे इथल्या प्रत्येक गाडीवाल्याला न सांगता कळतं. मीही ते करते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण कामाला गेलं असताना टाकी भरणं वेगळं, आणि टाकी भरायला म्हणून जाणं वेगळं. एवढा फरक आमच्या घरातल्या दोन शिकलेल्या पुरुषांच्या डोक्यात उतरवायला मला अख्खा उन्हाळा लागला.

दोन पुरुष म्हणजे माझे यजमान आणि धाकटे दीर. आम्ही खाली राहतो, दीर वरच्या मजल्यावर. यजमान बँकेतून निवृत्त झालेत, दीर कॉलेजात भूगोल शिकवतात. दिल्लीत ज्यांचं सरकार आहे ते यजमानांचे. ज्यांचं नाही ते दिरांचे. दर रविवारी सकाळी दीर बाजारातून गरम बेढई, म्हणजे डाळीचं सारण भरलेली पुरी, आणि बटाट्याची भाजी घेऊन खाली येतात. पहिली बेढई संपायच्या आत विषय पेट्रोलवर जातो.

"दादा, तुम्ही विरोधात होता तेव्हा चार आणे वाढले तरी बैलगाडीतून मोर्चा काढायचात. आता कुठे गेले ते बैल?"

"अरे, तेल बाहेरून येतं. तिकडे लढाया चालू आहेत. ते काय आपल्या हातात आहे?"

"आणि जगात स्वस्त झालं होतं तेव्हा? तेव्हा कोणाच्या हातात होतं?"

"तेव्हा रस्ते बांधले. त्याच रस्त्याने तू कॉलेजला जातोस. आणि तुझी मंडळी जिथे बसली आहेत तिथे तरी कर कमी केलाय का? ते सांग ना!"

"बात को घुमाओ मत, दादा."

"मैं घुमा रहा हूँ? मैं?"

आमच्याकडे पूजा, प्रेम आणि पाहुणचार मराठीत होतो, भांडण हिंदीत. स्वयंपाकघरात उभी राहून मला शब्द ऐकावे लागत नाहीत. भाषा बदलली की मी चहा टाकते. चहा आला की दोघं पुन्हा मराठीवर येतात आणि उरलेली बेढई वाटून खातात. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. कोणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून मीही मध्ये पडत नव्हते.

बिघडलं ते मंडळाच्या गाडीमुळे.

दौलतगंजात आमच्या मराठी मंडळींचं एक मंडळ आहे. त्याची एक जुनी व्हॅन आहे, कोण्या एका कुटुंबाने दिलेली, रुग्णांच्या सोयीसाठी. मागची सीट पूर्ण आडवी होते. तिचा ड्रायव्हर मुलाकडे इंदूरला राहायला गेला आणि दुसरा मिळेना, तेव्हा मी म्हटलं, मी चालवते. टोपी बाजारात माझं अस्तर, बटणं, चेन आणि धाग्यांचं दुकान आहे. ते सकाळी उशिरा उघडतं. गाडी चालवायला मला आवडतं, आणि सकाळी घरात बसून मी काही दिवे लावत नाही.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी मी बिडला नगरातून एका काकूंना घेते आणि लष्कर भागातल्या दवाखान्यात डायलिसिसला नेते. काकूंचे यजमान मिलमध्ये होते. मिल कधीच बंद पडली, यजमानही गेले. काकू अजून त्याच मजूर-वस्तीतल्या खोल्यांत राहतात. मुलगा मालनपूरच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्याने आठवड्यातून दोन दिवस रजा मागितली तर त्याला कायमचीच रजा देतील. ऑटोने जाता येईल, पण डायलिसिस झाल्यावर काकूंचा रक्तदाब इतका उतरतो की त्यांना आडवंच करावं लागतं. म्हणून ही गाडी. गाडी आहे तर काकू जातात. नसेल तर जाणार नाहीत. ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

मे महिन्यात मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. माझे यजमान आणि दीर दोघंही कार्यकारिणीत आहेत, आणि गाडी चालवते म्हणून मलाही बोलावलं होतं. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मी ओळखलं की वाईट बातमी येतेय.

"पेट्रोल परवडत नाही," ते म्हणाले. "गाडी विकावी असं माझं मत आहे. चर्चा करू."

चर्चा झाली. इथेनॉलची झाली, आखाती देशांची झाली, सूर्यशक्तीची झाली. दिरांनी भिंतीवर हवेतच बोट फिरवून तेलवाहू जहाजांचा मार्ग दाखवला. यजमानांनी सांगितलं की पुढच्या पिढीला पेट्रोल लागणारच नाही, सगळं विजेवर चालेल. दीर म्हणाले, "मग काकूंना पुढच्या पिढीपर्यंत थांबायला सांगा." यावर यजमानांची हिंदी सुरू झाली. बाकीचे सदस्य एकेका बाजूला सरकले. पंख्याखाली बसलेले सत्ताधारी, दाराजवळचे विरोधक. गाडीचं नाव पुन्हा कोणी घेतलं नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या बैठकीत बघू. तोवर पेट्रोलचा काही मार्ग निघाला तर ठीक, नाहीतर विकू."

शुक्रवारी काकूंनी गाडीत बसता बसताच विचारलं, "गाडी विकतायत म्हणे?"

"कोणी सांगितलं?"

"बातमीला पेट्रोल लागत नाही गं. काय ठरलं?"

"पुढच्या बैठकीत बघू म्हणाले."

काकू हसल्या. "मिल बंद व्हायच्या आधी आम्हालाही हेच सांगत होते. पुढच्या बैठकीत बघू."

"गाडी विकणार नाहीत."

"तू म्हणतेस म्हणून?"

"हो."

तेव्हा माझ्याकडे काही योजना नव्हती. पण आधी ठरवायचं आणि मग मार्ग शोधायचा, अशी माझी पद्धत आहे. मार्ग सापडायची वाट बघत बसलं की ठरवायचंच राहून जातं.

त्याच रविवारी चमत्कार झाला. बेढई खाऊन झाली तरी बाहेरून भांडणाचा आवाज नाही. मी बाहेर येऊन बघते तर दोघं भाऊ एकाच कागदावर वाकलेले. दिरांनी नकाशा काढला होता : ग्वाल्हेर, डबरा, दतिया, झाशी.

"वहिनी, मार्ग निघाला," दीर म्हणाले. "मंडळाच्या गाडीत झाशीचं पेट्रोल भरवायचं. दर आठवड्याला."

"झाशीला काय काम आहे?"

"काम हेच."

"जाता-येता जळेल त्याचं काय?"

"अगं, ते आम्ही बघू," यजमान म्हणाले. "दतियाला पीतांबरा देवीचं दर्शनही होईल."

"वहिनी, प्रश्न तत्त्वाचा आहे," दीर म्हणाले. "तिथल्या पंपावर उभं राहून दादांना मला एकदा विचारायचंय. इथेही तुमचे, तिथेही तुमचे, मग भाव दोन कसे?"

"त्यालाच संघराज्य म्हणतात," यजमान म्हणाले. "चल तू, पंपावरच समजावतो."

दोघांचं एकमत झालं तिथेच मला शंका यायला हवी होती. आली नाही असं नाही. पण माझ्या मनात आलं, जाऊन येऊ देत एकदा. सोमवारी जातील, टाकी भरतील, परत आल्यावर काटा बघून गप्प बसतील. मी फक्त एवढंच बजावलं की दिवेलागणीच्या आत गाडी दारात पाहिजे, मंगळवारी सकाळी काकूंना न्यायचंय.

"वहिनी, आम्ही काय लहान आहोत?" दीर म्हणाले.

सोमवारी दिवेलागण झाली, गाडी आली नाही. फोन आला.

"थोडी गडबड झाली आहे," यजमान म्हणाले. "गाडी दतियात मेकॅनिककडे आहे. उद्या दुपारपर्यंत देतो म्हणतोय."

"काय झालं?"

फोनमध्ये कुजबुज झाली. मग दिरांचा आवाज आला. "वहिनी, डिझेल पडलं."

"पडलं म्हणजे? आभाळातून?"

आभाळातून नव्हतं पडलं. पंपावर पेट्रोलची रांग लांब होती, सगळ्या आमच्याच नंबरप्लेटच्या गाड्या. ती रांग बघून दीर म्हणाले, "बघा दादा, ही तुमच्या कारभाराला जनतेने दिलेली पावती." यजमान म्हणाले, "ही लोकांची हाव आहे." बोलता बोलता शेजारची रांग मोकळी झाली, यजमानांनी गाडी तिथे घातली आणि "फुल कर दो" म्हणून ते खाली उतरले, कारण बसून त्यांना नीट वाद घालता येत नाही. दीर दुसऱ्या बाजूने उतरले. ती रांग मोकळी का आहे, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. ती डिझेलची होती. भरणारा माणूस खाली मान घालून भरत होता. त्याला सांगितलं ते त्याने केलं. पंपापासून थोडं पुढे आल्यावर गाडीने धूर काढला, आचके दिले आणि ती थांबली; तिथून ती ओढत दतियाला आणली. पेट्रोलच्या भावावर वाद घालत दोघांनी झाशीपर्यंत जाऊन पेट्रोलच घेतलं नव्हतं.

मी ओरडले नाही. ओरडून गाडी दतियाहून आली असती तर ओरडले असते. "उद्या गाडी घेऊनच या," म्हटलं आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी बाजारातल्या ओळखीच्या ऑटोवाल्याला घेऊन मी बिडला नगरला गेले. काकूंनी ऑटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"गाडी?"

"दुरुस्तीला आहे. शुक्रवारी येईल."

"विकली तर सांग. मला खोटं चालत नाही."

"विकली नाही. आमच्या दोन शहाण्यांनी तिला डिझेल पाजलं."

जाताना ठीक गेलो. परतीला ऑटोवाला दुसऱ्या भाड्यावर होता. दवाखान्याबाहेर एक ई-रिक्षा मिळाली. ऊन डोक्यावर, लूचा गरम वारा सुटलेला. काकूंना आडवं व्हायला जागा नव्हती. त्यांनी डोकं माझ्या मांडीवर ठेवलं, पाय समोरच्या दांडीवर. त्यांचा हात गार लागत होता, त्या उन्हातही. पडावच्या पुलाच्या चढावर रिक्षा हळू झाली, मग थांबली.

"बैटरी कमज़ोर है, माताजी," रिक्षावाला म्हणाला. "दोनों उतर जाओ तो चढ़ जाएगी."

"ये नहीं उतरेंगी," मी म्हटलं. पदराची घडी करून काकूंच्या डोक्याखाली दिली, खाली उतरले आणि मागून रिक्षा ढकलायला लागले. रिक्षावाल्यालाही उतरवलं, त्याने एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्या हाताने ढकललं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. एका स्कूटरवाल्याला मी म्हटलं, "हॉर्न से नहीं चढ़ेगी, भैया, हाथ लगाओ." त्याने लावला. चढलो.

घरी पोचल्यावर काकूंना खाटेवर निजवलं, लिंबू-पाण्याला हात लावू दिला नाही, त्यांना पाणी मोजूनच चालतं. पडल्या पडल्याच त्या म्हणाल्या, "मी शुक्रवारी येणार नाही."

"तयार राहा."

"अगं ऐक. कोणी माझी रिक्षा ढकलावी एवढी हौस नाही मला जगायची. पोराला सांगेन बरं वाटतंय म्हणून. तो कामाला जातो, त्याला काय कळतंय?"

"मला कळतं. शुक्रवारी सकाळी तयार राहा. गाडी येईल."

"हट्टी आहेस."

"हो," म्हटलं आणि दुकान उघडायला गेले.

गाडी संध्याकाळी आली. टाकी खाली करून, धुऊन, नव्याने पेट्रोल भरून. ते दतियातलंच, म्हणजे मध्य प्रदेशातल्याच दराचं. दोघं भाऊ दारात उभे होते. मी हात पुढे केला, यजमानांनी चावी दिली. जेवताना मी दोघांना पडावच्या चढाबद्दल सांगितलं. तिखटमीठ लावलं नाही, जे झालं तेवढंच. दिरांनी दुसरी पोळी घेतली नाही. यजमान म्हणाले, "आम्हाला फोन करायचा." मी म्हटलं, "केला असता. तुम्ही दतियात होता."

शुक्रवारी काकू तयार होऊन दाराशी बसल्या होत्या. मी गाडीचं मागचं दार उघडलं.

मग बैठक आली. अध्यक्षांनी चष्मा पुसला. यजमान म्हणाले, "मूळ प्रश्न धोरणाचा आहे," आणि दीर म्हणाले, "करांच्या रचनेचा आहे." पंख्याखालचे पंख्याखाली सरसावले, दाराजवळचे दाराजवळ. मी उभी राहिले.

"पेट्रोल स्वस्त व्हावं असं मलाही वाटतं," मी म्हटलं. "माझ्या दुकानात येणारं प्रत्येक पार्सल त्यावरच येतं. केंद्राने किती सोडायचं, राज्याने किती सोडायचं, हे मत मागायला येतील त्यांना मी विचारणार आहे, आणि दोन्हीकडच्यांना विचारणार आहे. तुम्हीही विचारा. पण काकूंचं डायलिसिस मंगळवारी आहे. निवडणूक मंगळवारी नाही."

कोणीतरी हसलं. मी थांबले नाही.

"ही गाडी कुठे कुठे जाते ते मला माहीत आहे, कारण चावी माझ्याकडून जाते. गाणाऱ्या पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जाते. त्यांना किल्ला दाखवायला वर जाते, पहिल्या गिअरमध्ये, एसी लावून. कोजागिरीला गाद्या आणायला जाते. हळदीकुंकवाला खुर्च्या पोचवते. परवा दोन विद्वानांना राष्ट्रीय धोरण बघायला झाशीला घेऊन गेली. काकूंना नेण्यात जळतं त्याहून जास्त आपल्या मानपानात जळतं. गाडी रुग्णांसाठी दिलेली आहे. आजपासून ती फक्त दवाखान्यात जाईल."

अध्यक्षांचा चेहरा पडला. "अहो, पण पाहुण्यांना काय ऑटोने आणायचं? मंडळाची काही प्रतिष्ठा?"

"काकूंना मी ई-रिक्षाने आणलं. पुलावर ढकलत. मंडळाचीच गाडी नव्हती म्हणून."

मग अनपेक्षितपणे दीर म्हणाले, "वहिनींना माझं अनुमोदन आहे." त्यांच्यामागून लगेच यजमान म्हणाले, "मी आधीच हात वर केला होता." केला नव्हता. पण मी वाद घातला नाही. ठराव झाला. गाडी विकायची नाही, आणि रुग्णाशिवाय हलवायची नाही.

"आणखी एक," मी म्हटलं. "मंगळवारी यजमान चालवतील, शुक्रवारी भाऊजी. मी आजारी पडले तर गाडी बंद पडायला नको."

"मला शुक्रवारी लेक्चर असतं," दीर म्हणाले.

"दुपारी असतं," यजमान म्हणाले. भावाला भावाचं सगळं वेळापत्रक पाठ असतं.

आता दोघं जातात. दिवस वाटून दिले होते, पण ते पाळले जात नाहीत. दिरांना दादांच्या गाडी चालवण्यावर विश्वास नाही आणि दादांना दिरांच्या कशावरच नाही, म्हणून बहुतेक वेळा दोघंही जातात. पंपावर पेट्रोल भरताना दीर खाली उतरतात आणि नळी टाकीत जायच्या आधी विचारतात, "पेट्रोल ही है ना?" भरणारा मुलगा आता लांबून गाडी दिसली की आधीच ओरडतो, "पेट्रोल ही है, सर!"

पहिल्या महिन्यानंतर मी काकूंना भेटायला गेले होते. त्या खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या, चेहरा बरा होता.

"नीट नेतात ना?"

"नेतात नीट. धरून चढवतात, धरून उतरवतात. धाकट्याने उशी आणून ठेवली आहे. पण बाई, तोंडाला दम नाही दोघांच्या. पडाव आलं की सुरू. परवा मी मागून म्हटलं, आमची मिल कोणाच्या राज्यात बंद झाली ते आधी सांगा. तर त्यावरून हजिऱ्याचा चौक येईपर्यंत भांडले."

"गप्प बसायला सांगू?"

काकूंनी एक शेंग सोलली, दाणे ताटात टाकले. "नको, नको. कोणाचं खरं ते कळू तरी दे. तोवर मी येते."

मी त्यांच्याबरोबर राहिलेल्या शेंगा सोलल्या. निघताना त्यांनी विचारलं, मंगळवारी कोण येणार. मी म्हटलं, कोणी का येईना, गाडी येईल. चावी रोज रात्री माझ्याच पर्समध्ये परत येते. झाशीला त्यानंतर आम्ही एकदाच गेलो, एका लग्नाला, बसने.